चार आलेख, एक चित्र

(संस्थेच्या गणित व विज्ञान शिक्षकांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून तो फारच लहान आहे असे आपणांपैकी काहींना वाटले असेल. गणिताच्या संगणक-प्रणालीत काढलेले अनेक आलेख एकाच चित्रात कसे बसवावेत आणि ते चित्र व्हेक्टर स्वरूपात कसे जतन करावे, एवढाच हा विषय आहे. समाजाची प्रगती, शिक्षणाचे ध्येय अशा मोठ्या विषयांवर बोलणारी थोर मंडळी आपल्याला लाभत असतात. त्यांच्या पंक्तीत बसण्याचा माझा मानस नाही. पण आपल्या शाळांचे निकाल, मुलामुलींची गळती, जादा वर्गांची गरज यांविषयीचे निर्णय आता समितीपुढे ठेवलेल्या आलेखांवरून होऊ लागले आहेत. आलेख वाकडा असला तर निर्णय सरळ कसा यावा? म्हणून या लहान विषयाला थोडा वेळ द्यावा, अशी विनंती आहे.

प्रथम एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, दहावीचे दोन वर्ग आहेत आणि गणितात दोन्ही वर्गांची सरासरी ५० गुण आहे. पहिल्या वर्गातील सर्व विद्यार्थ्यांचे गुण ४५ ते ५५ यांच्या दरम्यान आहेत. दुसऱ्या वर्गात निम्मे विद्यार्थी २० च्या आसपास आणि निम्मे ८० च्या आसपास आहेत. जादा शिक्षक एकच मिळणार आहे. तो कोणत्या वर्गाला द्यावयाचा? सरासरी पाहिली तर दोन्ही वर्ग सारखे. तेव्हा कोणीतरी म्हणतो, आलेख काढा. संगणकावर दोन आलेख काढले जातात, शेजारीशेजारी ठेवले जातात, आणि आश्चर्य असे की दोन्ही चित्रांतील ठिपके आपापल्या चौकटीत खालपासून वरपर्यंत पसरलेले दिसतात! कारण संगणकाने प्रत्येक चौकटीचे प्रमाण स्वतःच्या मर्जीने ठरविलेले असते. पहिल्या चौकटीचा उभा अक्ष ४५ पासून ५५ पर्यंत, दुसऱ्याचा २० पासून ८० पर्यंत. अक्षावरील बारीक आकडे वाचण्याइतकी सवड सभेत कोणाला असते? वीस गुण मिळविणारी मुले सरासरीत एकदा लपली होती, ती चित्रात दुसऱ्यांदा लपली.

आलेख कागदावर हाताने आलेख काढताना कोपऱ्यात आधी प्रमाण लिहावयाचे, ही आपल्या शाळांतील जुनी शिस्त आहे. संगणक आल्यावर ही शिस्त सुटली. ती परत आणणे, हे अनेक आलेख एकत्र करण्याच्या कामाचे पहिले कलम समजावे.

आता काल्पनिक उदाहरण सोडून एक खरे आणि प्रसिद्ध उदाहरण पाहू. सांख्यिकीशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कोंब यांनी १९७३ साली आकड्यांचे चार संच प्रसिद्ध केले. प्रत्येक संचात ११ जोड्या आहेत. चारही संचांत क्ष ची सरासरी ९ आहे आणि य ची सरासरी ७.५० आहे. क्ष चे विचरण चारही ठिकाणी ११ आहे. सहसंबंध गुणांक सर्वत्र सुमारे ०.८१६ येतो. सांख्यिकीत जिला समाश्रयण रेषा म्हणतात, ती चारही संचांसाठी जवळजवळ एकच निघते : य बरोबर ३ अधिक ०.५ क्ष. केवळ कोष्टक पाहणारा मनुष्य म्हणेल की हे चार संच म्हणजे चार सख्खी भावंडे.

आलेख काढले की खरा प्रकार दिसतो. पहिल्या संचातील ठिपके रेषेच्या आजूबाजूला, नेहमी असतात तसे विखुरलेले आहेत. दुसऱ्या संचातील ठिपके एका सुबक वक्रावर आहेत, तेथे सरळ रेषेचे कामच नाही. तिसऱ्यात दहा ठिपके जवळजवळ नेमके एका रेषेवर आहेत आणि अकरावा एकटा वर निसटला आहे. त्या एकट्याने सगळी रेषा आपल्याकडे ओढून घेतली आहे. चौथ्यात दहा ठिपके ८ या एकाच क्ष-मूल्यावर एकावर एक रचल्यासारखे उभे आहेत, आणि एकच ठिपका दूर १९ वर आहे. तो एक काढला तर रेषा काढताच येणार नाही.

हे चार आलेख वेगवेगळ्या पानांवर छापले तर उपयोग अर्धा होतो. एका नजरेत चारही दिसले पाहिजेत, आणि सारख्याच प्रमाणात दिसले पाहिजेत. पहिल्या तीन संचांत क्ष ४ ते १४ आहे, चौथ्यात ८ ते १९. प्रत्येक चौकट स्वतंत्र ठेवली तर जी रेषा चारही ठिकाणी एकच आहे, ती कोठे थोडी अधिक कललेली, कोठे वर सरकलेली अशी भासेल. चौघांना क्ष-अक्ष २ ते २० आणि य-अक्ष २ ते १४ असा समान दिला, की रेषा चारही चौकटींत हुबेहूब एकाच जागी येते. मग डोळ्याला जो फरक दिसतो तो ठिपक्यांचाच असतो, चौकटींचा नसतो. अँस्कोंब यांचे म्हणणे विद्यार्थ्याच्या मनावर ठसते ते तेव्हाच.

हे करावयाचे कसे? त्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग एकाच चौकटीत एकावर एक आलेख चढविण्याचा. मॅटलॅब आणि ऑक्टेव्हमध्ये 'होल्ड ऑन' म्हटले की आधीचा आलेख तसाच राहतो आणि नवा त्यावर येतो. मॅथेमॅटिकामध्ये हेच काम 'शो' ही आज्ञा करते. तेथे एक मेख आहे. 'शो' पहिल्या आलेखाची चौकट आणि त्याचे नियम धरून चालते. दुसऱ्या आलेखाचा काही भाग त्या चौकटीबाहेर जात असला तर तो मुकाट्याने कापला जातो. म्हणून 'प्लॉट-रेंज' हा पर्याय 'ऑल' असा लिहावा, किंवा त्याहून बरे म्हणजे दोन्ही टोके स्वतः आकड्यांत द्यावीत. एका चौकटीत तीन-चार वक्र ठीक दिसतात, त्याहून अधिक झाले की सुताचा गुंता होतो. डावीकडे एक प्रमाण आणि उजवीकडे दुसरे प्रमाण, अशी दोन अक्षांची चित्रे तर शक्यतो टाळावीत. दोन प्रमाणे हातात असली की कोणत्याही दोन रेषा हव्या तेथे एकमेकींना छेदताना दाखविता येतात.

दुसरा मार्ग शेजारीशेजारी चौकटी मांडण्याचा. आपल्या चार संचांना हाच योग्य. मॅटलॅब व ऑक्टेव्हमध्ये 'सबप्लॉट', मॅटलॅबच्या २०१९ नंतरच्या आवृत्त्यांत 'टाइल्ड-लेआउट', ग्नूप्लॉटमध्ये 'मल्टिप्लॉट', मॅथेमॅटिकामध्ये 'ग्राफिक्स-ग्रिड', पायथनच्या मॅटप्लॉटलिबमध्ये 'सबप्लॉट्स', अशी नावे निरनिराळी असली तरी काम एकच. मॅटप्लॉटलिबमध्ये दोन ओळी, दोन स्तंभ एवढे सांगून पुढे 'शेअर-एक्स' आणि 'शेअर-वाय' हे दोन पर्याय 'ट्रू' करावेत. चारही चौकटींचे अक्ष एकमेकांशी बांधले जातात. मघाच्या दोन वर्गांचा घोटाळा या दोन शब्दांनी मिटतो.

मॅथेमॅटिकामध्ये आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. एका चौकटीच्या डावीकडे '१०००' असे चार अंकी आकडे आणि तिच्या खालच्या चौकटीला '५' असे एक अंकी आकडे असतील, तर आकड्यांच्या रुंदीमुळे चौकटींच्या कडा एका उभ्या रेषेत येत नाहीत. त्यासाठी 'इमेज-पॅडिंग' या पर्यायाने प्रत्येक आलेखाभोवती सारखाच समास सोडावा. वहीला समास आखल्याशिवाय लिहू न देणाऱ्या गुरुजींची येथे आठवण यावी!

तिसरा मार्ग म्हणजे वेगवेगळ्या वेळी, कदाचित वेगवेगळ्या प्रणालींत काढलेली तयार चित्रे मागाहून जोडणे. इंकस्केपसारख्या मोफत रेखाटन-प्रणालीत ती आणून मांडता येतात, किंवा लाटेकमध्ये एकाखाली एक समाविष्ट करता येतात. हा मार्ग सोपा दिसतो, पण प्रमाण जुळविण्याची सगळी जबाबदारी यात आपल्यावर येते. चित्रे जोडण्याआधीच ती समान अक्षांवर काढलेली असली पाहिजेत. मागाहून ओढून-ताणून ती जुळवू नयेत, कारण ओढताना अक्षरेही ताणली जातात आणि वर्तुळाचे अंडे होते.

आता व्हेक्टर म्हणजे काय ते पाहू. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना व्हेक्टर म्हणजे सदिश राशी माहीत आहे. चित्राच्या बाबतीत अर्थ असा : संगणकात चित्र दोन प्रकारांनी साठविता येते. एक, ठिपक्यांचे चित्र. ६ इंच रुंद आणि ४ इंच उंच चित्र इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने साठविले तर आडवे १८०० व उभे १२०० ठिपके होतात, म्हणजे एकूण २१,६०,००० ठिपके. तेच चित्र भिंतीवर लावण्यासाठी दुप्पट लांबीरुंदीचे केले तर ठिपके तेवढेच राहतात, इंचाला १५० होतात, आणि कडा दातेरी दिसू लागतात. दुसरा प्रकार व्हेक्टरचा. यात ठिपके साठवीत नाहीत, कृती साठवितात : या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत एवढ्या जाडीची रेषा ओढ, येथे हे अक्षर लिही. वक्र असेल तर त्याचे दोन टोकांचे आणि दोन मधले असे चार नियंत्रक बिंदू दिले जातात. या वक्रांना बेझिए यांचे नाव आहे. पियेर बेझिए हे रेनॉ या मोटार कारखान्यात आणि पॉल द कास्तेल्जो हे सित्रोएन कारखान्यात काम करीत होते, दोघांनी ही युक्ती मोटारींच्या पत्र्याचे आकार आखण्यासाठी स्वतंत्रपणे वापरली. कृतीच साठविलेली असल्याने चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढे करा की भिंतीएवढे, रेषा तेवढीच तीक्ष्ण येते.

छपाईच्या जगात ही पद्धत रुजविली ती अडोबीच्या पोस्टस्क्रिप्ट या भाषेने, १९८४ साली. तिच्याच घराण्यातून १९९३ साली पीडीएफ आले. जाळ्यावरील पानांसाठी एसव्हीजी हे स्वरूप २००१ साली प्रमाणित झाले. आपण ध्यानात ठेवावयाचे ते इतकेच : छापखान्यात द्यावयाचे असेल तर पीडीएफ, आणि मागाहून इंकस्केपमध्ये हात फिरवावयाचा असेल तर एसव्हीजी. जुन्या पोस्टस्क्रिप्ट स्वरूपात अर्धपारदर्शक रंग मुळात नाहीत, त्यामुळे फिकट छटांचे आलेख तेथे बिघडतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पडद्याचे छायाचित्र घेऊन ते पीडीएफमध्ये चिकटविले की चित्र व्हेक्टर झाले, असे पुष्कळ जण समजतात. तसे होत नाही. काचेच्या बरणीत गूळ ठेवला म्हणून त्याची खडीसाखर होत नाही! परीक्षा सोपी आहे. फाइल उघडून आठशे टक्के मोठी करावी. रेषांच्या कडा स्वच्छ राहिल्या तर चित्र खरे, दाते दिसले तर ठिपक्यांचे. म्हणून चित्र नेहमी मूळ प्रणालीतूनच जतन करावे. मॅटप्लॉटलिबमध्ये 'सेव्हफिग' या आज्ञेत फाइलच्या नावाचा शेवट पीडीएफ किंवा एसव्हीजी असा द्यावा. मॅटलॅबमध्ये २०२० पासून 'एक्सपोर्ट-ग्राफिक्स' ही आज्ञा आहे, तिच्यात आशयाचा प्रकार 'व्हेक्टर' असा स्पष्ट सांगावा. मॅथेमॅटिकामध्ये 'एक्सपोर्ट' आहेच.

आकाराचे गणितही आधीच करावे. पानावर चित्र १२ सेंटिमीटर रुंद यावयाचे असेल तर प्रथमपासून ते १२ सेंटिमीटरचेच काढावे. २४ सेंटिमीटरचे काढून निम्मे केले तर १० पॉइंटची अक्षरे ५ पॉइंटची होतात, म्हणजे जेमतेम पावणेदोन मिलिमीटर. ती वाचावयाला भिंग लागेल. व्हेक्टर चित्राच्या रेषा लहान केल्यावरही तीक्ष्ण राहतात हे खरे, पण वाचणाऱ्याचे डोळे व्हेक्टर नसतात.

प्रत्येक वेळी सगळेच व्हेक्टर ठेवावे, असेही नाही. एका आलेखात लाखभर ठिपके असले तर फाइलमध्ये लाखभर वर्तुळांच्या कृती भरतात, फाइल फुगते आणि छापखान्याचा संगणक अडून बसतो. अशा वेळी तेवढाच थर ठिपक्यांचा करावा आणि अक्ष, आकडे, शीर्षके व्हेक्टर ठेवावीत. मॅटप्लॉटलिबमध्ये त्या थराला 'रास्टराइज्ड' हा पर्याय देता येतो.

तयार एसव्हीजी चित्रे जोडताना एक विचित्र प्रकार घडतो, तो सांगून ठेवतो. एसव्हीजी फाइलमध्ये प्रत्येक अक्षराच्या आकाराला किंवा चौकटीच्या झाकणाला एक खूणनाव दिलेले असते. काही प्रणाल्या प्रत्येक फाइलमध्ये हीच खूणनावे पहिल्यापासून मोजतात. आर या सांख्यिकी प्रणालीतून कैरो या ग्रंथालयामार्फत निघणारी चित्रे याच जातीची आहेत. अशा दोन फाइलींचा मजकूर एका पानात ओतला की दुसऱ्या चित्राला पहिल्या चित्रातली अक्षरे मिळतात आणि शीर्षकाच्या जागी अगम्य शब्द उमटतात. एकाच वर्गात दोन मुलांना एकच हजेरी क्रमांक दिला तर जे होईल, तेच हे. उपाय तोच : जोडण्यापूर्वी प्रत्येक फाइलच्या खूणनावांपुढे वेगळे अक्षर लावावे, किंवा दुसऱ्या मार्गाने सर्व चौकटी एकाच फाइलमध्ये काढाव्यात.

यानंतरचा मुद्दा आपल्या शाळांच्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. आपल्याकडे मराठी, उर्दू आणि इंग्रजी अशा तिन्ही माध्यमांची मुले शिकतात. आलेखाच्या अक्षांवरची नावे मात्र बहुधा इंग्रजीतच असतात, आणि याचे कारण नेहमीच अनास्था असते असे नाही. आलेख काढणाऱ्या अनेक प्रणाल्या अक्षरे एकापुढे एक नुसती मांडत जातात. इंग्रजीत ते चालते. देवनागरीत 'विद्यार्थी' लिहिले तर ऱ्हस्व वेलांटी जागा चुकते आणि जोडाक्षर फुटते. उर्दूत तर अक्षरे एकमेकांना जोडली जात नाहीत आणि ओळ उलट्या दिशेने धावते. अशा चित्रात आपलीच भाषा मुलांना परकी दिसते.

यावर उपाय आहेत. मॅटप्लॉटलिबमध्ये एसव्हीजीसाठी 'फॉन्टटाइप' हा पर्याय 'नन' ठेवला की अक्षरांचे आकार न साठविता मजकूर मजकूर म्हणूनच साठविला जातो. मग ती फाइल ब्राउझरमध्ये किंवा इंकस्केपमध्ये उघडली की देवनागरी आणि उर्दू दोन्ही आपापल्या रीतीने नीट जुळतात. अट एवढीच की त्या संगणकावर योग्य टंक असला पाहिजे. छापखान्यात पाठविण्यापूर्वी इंकस्केपमध्ये मजकुराचे रेषांत रूपांतर करून ठेवावे, म्हणजे तेथे तो टंक नसला तरी बिघडत नाही. मूळ फाइल मात्र वेगळी जपून ठेवावी, कारण रेषा झालेला मजकूर पुन्हा सुधारता येत नाही. लाटेकचा परिचय असणाऱ्यांनी झीलाटेकचा मार्ग धरावा, तेथेही जोडाक्षरे शुद्ध येतात. एकच आलेख तीन भाषांतील शीर्षकांसह तीन वर्गांत टांगता येईल, आणि रेषा तिन्ही ठिकाणी त्याच राहतील.

खर्चाचा प्रश्न कोणी तरी विचारणारच. मॅटलॅब आणि मॅथेमॅटिका यांना पैसे मोजावे लागतात. ऑक्टेव्ह, आर, ग्नूप्लॉट, इंकस्केप आणि मॅटप्लॉटलिब यांना एक पैसाही लागत नाही, आणि त्या वापरणे पूर्णपणे कायदेशीर आहे. मॅटप्लॉटलिब निर्माण करणारे जॉन हंटर हे मेंदूच्या अभ्यासात गुंतलेले संशोधक होते. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युत् नोंदी पाहण्याची सोय हवी, या गरजेतून त्यांचे काम सुरू झाले. २००३ साली त्यांनी ते सर्वांसाठी खुले केले. २०१२ साली ते वारले, पण त्यांचे हत्यार जगभरच्या विद्यार्थ्यांच्या हातात राहिले. आपल्या गरजेपोटी केलेले काम दुसऱ्याच्याही उपयोगी पडावे, ही वृत्ती आपल्या संस्थेतील मंडळींना अपरिचित नाही.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना तीन सूचना करतो. पहिली : अकरावीच्या प्रत्येक गटाला अँस्कोंबचे चार संच द्यावेत. आर प्रणालीत ते आधीपासूनच भरलेले आहेत. प्रथम चौघांच्या सरासऱ्या काढावयास सांगावे, मग चार आलेख एका चित्रात समान अक्षांवर काढावयास सांगावे. एका तासाच्या या पाठात सरासरीची मर्यादा जेवढी कळते, तेवढी दहा व्याख्यानांत कळत नाही. दुसरी : चित्रासोबत ते काढणाऱ्या आज्ञांची फाइलही जपावी. पुढल्या वर्षी आकडे बदलले तर नवे आकडे घालून तेच चित्र त्याच प्रमाणात पुन्हा निघते, आणि दोन वर्षांची तुलना न्याय्य होते. तिसरी सूचना संस्थेच्या पदाधिकाऱ्यांसाठी आहे. शाळांच्या निकालांचे आलेख समितीपुढे येतील तेव्हा, सर्व चौकटींचे प्रमाण एकच आहे का, एवढा एक प्रश्न त्यांनी आवर्जून विचारावा. उत्तर 'नाही' असे आले तर चित्र परत पाठवावे.

सरासरी ५० गुणांच्या मागे २० गुणांची मुले उभी असू शकतात, ती समितीला दिसली पाहिजेत. त्यासाठी दोन अक्ष सारखे करावे लागतात आणि चित्र स्वच्छ छापावे लागते, इतकेच. हे काम आपल्या आवाक्यातले आहे.